तोंडातल्या चुका

५ फेब्रुवारी

भिंगरीस,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस आणि तुझ्या खोलीतली ती दुसरी बाई नेमका तेव्हाच मिक्सर लावते, म्हणून हे पत्र. शिवाय लिहिताना मला खोटं बोलता येत नाही. बोलताना थोडं येतं.

काल डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या वडिलांची आरामखुर्ची न्यायला आल्या. स्प्रिंगा नव्या, फोम नवा, वर रेघारेघांचं हिरवं जाड कापड. बाईंनी खुर्चीवरून हात फिरवला, बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अगदी त्यांच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतंय." पर्स उघडली. आणि मी म्हणाले, "मागच्या बाजूला, खाली, कापडाची रेघ केसभर सरकलीय बघा."

कुणी विचारलं होतं मला? बाई उठल्या, चष्मा लावला, गुडघ्यांवर बसल्या. रेघ त्यांना दिसेना. मग मी बोट ठेवून दाखवली. एकदा दिसल्यावर त्यांना दुसरं काहीच दिसेना. "मग आता तुम्हीच सांगा काय करायचं," म्हणाल्या. मी माझी मजुरी सोडून दिली. कापड-फोमाचे तेवढे घेतले. जाताना त्या म्हणाल्या, "तुम्ही फार प्रामाणिक आहात हो." मला बरं वाटलं, हे जास्त वाईट. आईने आतून सगळं ऐकलं होतं. "झालं समाधान?" एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही. हॉटेलची बाकं मढवली तेव्हा मीच मॅनेजरला सांगितलं की शेवटच्या बाकाचं रेक्झिन दुसऱ्या ताग्यातलं आहे. महिनाभर राबून चार पैसे बाजूला पडले की पुढच्या महिन्यात मी असं काहीतरी बोलते की होतं नव्हतं ते जातं. कुणी लुबाडत नाही मला. मीच दार उघडून देते.

आता लिहिण्याचं कारण. नाक्यावरचा किल्लीवाला त्याचा गाळा सोडतोय. मालक माझ्यासाठी मार्चअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. तिथे दोन सोफे एका वेळी मावतील, दार रस्त्यावर उघडतं, आणि आईला जेवणाच्या खोलीतून काथ्या तुडवत जावं लागणार नाही. गाळा घ्यायचा तर मोठं काम हवं. तेही समोर आहे: सभागृहाच्या सगळ्या खुर्च्या नव्याने मढवायच्यात. चिटणीसांनी नमुन्याची एक करून आणायला सांगितलीय. आणि ती खुर्ची कमिटीसमोर ठेवून मी पहिलं वाक्य काय बोलणार, ते मला आत्ताच ऐकू येतंय.

प्रश्न असा. दोष दिसत असताना गप्प बसणं ही फसवणूक नाही का? कॉलेजात तर्कशास्त्र शिकूनही मला एवढं सुटत नाही. तू सुटसुटीत डोक्याची आहेस. सांग.

गुंडी


१२ फेब्रुवारी

गुंडे,

सुटसुटीत डोक्याची म्हणजे बिनडोक, हे मला कळतं. तरी सांगते.

मामांना लोक देवमाणूस म्हणायचे आणि पैसे कमी द्यायचे. तुझ्या बाबांनी कधी एक तरी खुर्ची "झाली" म्हणून दिली? "तशी बरी झालीय" म्हणून द्यायचे. माझी आई म्हणायची, माझा भाऊ गिऱ्हाइकाच्या वतीने स्वतःशीच घासाघीस करतो. त्यांचं काम हातात घेतलंस तेव्हा हत्यारांबरोबर ही खोडही उचललीस. हत्यारं ठेव.

पण मामांची एक गोष्ट तुझ्या उपयोगाची आहे. काम करताना ते तोंडात मूठभर चुका धरायचे आणि जिभेने एकेक पुढे आणून त्या लोहचुंबकाच्या हातोडीला चिकटवायचे, आठवतं? त्या बारीक खिळ्यांचं नावच चुका, हे कळेपर्यंत मला वाटायचं, मामा एवढ्या चुका करतात आणि तोंडात लपवून ठेवतात. चुका तोंडात असेपर्यंत मामा एक अक्षर बोलायचे नाहीत. गिऱ्हाईक आलं की मात्र सगळ्या हातावर काढायचे आणि मग बोलायला लागायचे. तिथेच घात व्हायचा. तू काढू नकोस. गिऱ्हाईक दारात दिसलं की तोंड भरून चुका, आणि पैसे हातात पडेपर्यंत त्या आतच. फसवणूक वगैरे नंतर बघू.

माझं झकास चाललंय. धुलाईघराच्या साहेबाने सांगितलंय, एप्रिलपासून सगळं तुझ्या हाताखाली. हॉटेल नवीन मशिनं आणणार आहे. साहेब तसा बरा आहे, फक्त बोलताना माझ्याकडे न बघता टॉवेलांकडे बघतो.

भिंगरी


२४ फेब्रुवारी

भिंगरीस,

पहिला प्रयोग एका निवृत्त न्यायाधीशांवर केला. ते दिवाण न्यायला आले तेव्हा मी तोंड भरून तयार होते. "वा," ते म्हणाले. मी मान डोलावली. "टिकेल ना?" मी दोन्ही हात पसरून पुष्कळ टिकेल असं दाखवलं. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "बोलत का नाही? दाढ दुखतेय?" मान हलवायला नको होती, पण हलली. मग त्यांनी लवंगेचं तेल, मिठाचं कोमट पाणी, ओळखीचा डॉक्टर, सगळं सविस्तर सांगितलं आणि पूर्ण पैसे दिले. जाताना आईला बजावून गेले, "मुलीच्या दाढेकडे दुर्लक्ष करू नका." आई विचारते, "कुठली गं दाढ?" मी चुका हातावर काढल्या तर एक कमी वाटली. ती सतरंजीखाली सापडेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

हसून झालं की पुढचं वाच, कारण मी तेव्हापासून याचाच विचार करतेय. चुका नसत्या तर मी त्यांना काय सांगितलं असतं? की डावीकडचं एक बटण उजवीकडच्यापेक्षा जरासं खोल बसलंय. हे त्यांना कधी कळलं नसतं, त्यांच्या पाठीलाही नाही. मग मी हे सांगते कुणासाठी? त्यांच्यासाठी नाही. ते जे नाव ठेवतील ते मीच आधी ठेवलं की मला लागत नाही, एवढंच. इतकी वर्षं मी त्याला प्रामाणिकपणा म्हणत आले. तो भित्रेपणा आहे, फक्त धुतलेले कपडे घालून फिरतो.

नमुन्याची खुर्ची चिटणीसांना पसंत पडली. "मऊ आहे, पण झोप लागेल इतकी नाही. भाषणांना बरी," म्हणाले. मी तोंडात काही न धरता गप्प राहिले. आता पहिली रांग करून द्यायची. ती कमिटीला आवडली की बाकीच्या सगळ्या खुर्च्या माझ्या, आणि मग गाळाही.

एक विचारायचंय. तुझ्या पाकिटावर खोलीचा पत्ता आहे. तू नेहमी हॉटेलच्या पाकिटातून पत्र पाठवतेस. साहेब टॉवेलांकडे बघतो म्हणतेस. काय प्रकार आहे? लग्नबिग्न ठरवत असशील तर आधी मला कळव. सोफा माझ्याकडून.

गुंडी


६ मार्च

गुंडे,

लग्न कसलं डोंबलाचं. नोकरी सोडली. मागचं पत्र लिहिलं त्याच्या आदल्याच दिवशी.

एप्रिलचं सांगितलं होतं ते खरं होतं. मी सगळ्यांना चहासुद्धा पाजला. दुसऱ्याच दिवशी चादरींवर पिवळे डाग राहिले, तर साहेब सगळ्यांदेखत म्हणाला, "आत्ताच ही गत, मग एप्रिलनंतर काय?" मी ॲप्रन काढून त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "एप्रिलनंतर तुम्ही धुवा." सगळ्या बायका हसल्या. फार छान वाटलं. बसथांब्यापर्यंत छान वाटत होतं.

सध्या एका छापखान्यात कागदाच्या गड्ड्या बांधते. तात्पुरतं आहे. उपदेश नको. मी कुणाची ताबेदार नाही, हे तुला माहीत आहे. तू तुझी रांग कर.

भिंगरी


१५ मार्च

भिंगरीस,

उपदेश करणार आहे. बँकेतली नोकरी, दवाखान्यातली, ती बिस्किटांच्या कारखान्यातली. प्रत्येक ठिकाणी तुला वर घ्यायचं ठरलं की महिन्याच्या आत कुणीतरी तुझा अपमान करतं. जगातले उद्धट लोक नेमके तुझ्या बढतीच्या वेळीच कसे गोळा होतात? मी माझ्या खुर्चीला आधीच नावं ठेवते, म्हणजे दुसऱ्याने ठेवली तर लागू नये. तू नोकरी आधीच सोडतेस, म्हणजे तिने तुला सोडू नये. खोड एकच आहे. मी पुटपुटते म्हणून माझी केविलवाणी दिसते, तू दणक्यात बोलतेस म्हणून तुझी बाणेदार. ताबेदार नाहीस म्हणतेस. आहेस. त्या बसथांब्यापर्यंतच्या छान वाटण्याची ताबेदार आहेस.

पत्र फाडायचं असेल तर आधी पुढचं वाच, कारण मला तू हवी आहेस.

पहिली रांग देऊन झाली. कमिटीला पसंत पडली. काल बाकीच्यांची मापं घ्यायला गेले असताना नव्या रांगेतली एक बैठक सहज उलटी करून पाहिली. खालचे पट्टे मी ज्या पिनांनी बसवलेत, त्या आखूड पडल्यात. लाकूड जुनं आहे, वरचा थर भुसभुशीत झालाय, पिना तेवढ्यातच अडकल्यात. आज काही होणार नाही. पण वर्ष-दीड वर्षात कुणी वजनदार गृहस्थ बसतील, पट्टा सुटेल आणि गृहस्थ भर भाषणात खाली जातील.

हा केसभर रेघेचा दोष नाही. हा खरा आहे, आणि कुणालाही दिसणार नाही. सोमवारी कमिटी पूर्ण कामावर सह्या करणार आहे. तुझ्या नियमाने मी तोंड मिटून बसायला हवं. मी सांगणार आहे. काम गेलं तर गाळा जाईल, हे मला कळतं. फक्त या वेळी मान खाली घालून सांगायचं नाही आणि मजुरी सोडायची नाही. हे दोन्ही एका दमात जमतं का, मला खरंच माहीत नाही. आजवर एक केलं की दुसरं आपोआप व्हायचं.

गुंडी


१९ मार्च

गुंडे,

तुझं पत्र चुरगाळून टाकलं. मग परत काढून त्याच्यावर इस्त्री फिरवली, धंद्याची सवय. बसथांब्याचं लिहिलंस ते मी विसरणार नाही, आणि माफही करणार नाही, निदान या महिन्यात.

फोन केला होता. मामींनी उचलला. म्हणाल्या, "ती कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, तूच लिही काय ते." म्हणून लिहिते, सोमवारच्या आत मिळेल न मिळेल. अगं, सह्या होऊ दे. मग एखाद्या दिवशी मापं घ्यायच्या निमित्ताने जा आणि हळूच लांब पिना मारून ये. खुर्च्या पक्क्या, काम तुझं, कुणाचं काही नुकसान नाही. यात फसवणूक कुठे आहे ते तुझ्या तर्कशास्त्राने मला दाखव. एवढी वर्षं फुकट बोललीस, आता बोलण्याची खरी किंमत मोजायची वेळ आलीय तर तू पुन्हा बोलायलाच निघालीस.

भिंगरी


२५ मार्च

भिंगरीस,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. बैठक आदल्या दिवशी झाली होती.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "पहिल्या रांगेचे पट्टे मला पुन्हा बसवायचेत. पिना आखूड पडल्यात. आठवडाभर सभागृहाची किल्ली लागेल."

खजिनदार म्हणाले, "आम्हाला तर काही दिसलं नाही."

"दिसणार नाही. खाली आहे."

"मग सांगितलंत कशाला?" हे त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

"त्यावर माणसं बसणार आहेत."

खजिनदार खुर्चीत पुढे सरकले. ते सरकणं मी ओळखते, डॉक्टरीणबाई तशाच सरकल्या होत्या. "म्हणजे चूक तुमची. मग दराचं जरा बघायला हवं, नाही का?"

भिंगरे, "बघू या की" हे शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. इतकी वर्षं तेच बाहेर पडत आलेत, त्यांना वाट माहीत आहे. मी म्हणाले, "चूक माझी, म्हणून ती रांग माझ्या खर्चाने. बाकीच्या खुर्च्यांत चूक नाही. त्यांचा दर तोच."

"तुम्ही अडून बसताय, बाई."

"मी उभी आहे. आणि दर सांगतेय."

चिटणीस इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. ते म्हणाले, "कळवतो." अजून कळवलेलं नाही. किल्ली मात्र दिलीय. रोज जाते आणि एकेक बैठक उलटी करून लांब पिना मारते.

तुझ्या "हळूच दुरुस्त कर"चं उत्तर. तर्कशास्त्राने नाही दाखवता येत, खुर्च्या पक्क्या झाल्याच असत्या. पण चोरून केलेल्या कामाचे पूर्ण पैसे मागायला माझी जीभ रेटली नसती. पुढच्या प्रत्येक खुर्चीला मी थोडे थोडे सोडत गेले असते आणि स्वतःला ते का हेही सांगितलं नसतं. मी स्वतःला एवढी ओळखते.

घरी आले. आईने विचारलं, "गेलं का काम?" माहीत नाही म्हटलं. "आणि तू काय सोडून आलीस?" काही नाही म्हटलं. आईने चष्मा काढला, पुसला आणि परत लावून माझ्याकडे पाहिलं.

गाळ्याचा मालक परवा येतोय. एरवी मी त्याला म्हटलं असतं, द्या दुसऱ्या कुणाला, माझं काही खरं नाही. मी घेणार आहे, सभागृह मिळो न मिळो. हे अंगात आलं म्हणून करत नाही. कागदावर मांडून पाहिलं. एकाही गिऱ्हाइकाला मजुरी सोडली नाही, तर नेहमीच्या कामावरही भाडं निघतं. म्हणजे गाळा मला कधीच महाग नव्हता. मी महाग पडत होते.

गुंडी


३ एप्रिल

गुंडे,

मी गेले होते. धुलाईघरात.

साहेब टॉवेल मोजत होता. म्हटलं, "रागात गेले होते. काम मला येतं, ते तुम्हाला माहीत आहे. जागा असेल तर आलेय." तो म्हणाला, "माफी मागतेस?" मी म्हटलं, "डागांची मागते. ॲप्रनची नाही." तेव्हा त्याने टॉवेल खाली ठेवला.

वरची जागा गेली. जिला मी इस्त्री धरायला शिकवली त्या पोरीला दिलीय. तिच्या हाताखाली येतेस का, म्हणाला. यावर एक उत्तर माझ्याकडे तयार होतं, गुंडे, इतकं ठसकेदार होतं की बायका आठवडाभर हसल्या असत्या. ते मी गिळलं. अजून पोटात टोचतंय. सोमवारी हजर झाले.

पोरगी मला "ताई, जरा या चादरी…" म्हणते आणि पुढचं बोलतच नाही. मी म्हणते, "हुकूम कर गं सरळ. मला सवय करायचीय." रोज दुपारी एकदा वाटतं, ॲप्रन काढावा. काढत नाही. कुणी अपमान केला तरी काढणार नाही आणि कुणी बढती दिली तरी काढणार नाही.

बसथांब्याचं अजून माफ केलेलं नाही. सभागृहाचं कळव.

भिंगरी


१२ एप्रिल

भिंगरीस,

चिटणीस स्वतः आले, गाळ्यात. सामान अजून लागलेलं नाही, त्यांना एका उलट्या सोफ्याच्या कडेवर बसवलं. खालचा मजला माझा, त्याच दराने. वरची गॅलरी दुसऱ्या एकाला दिलीय, तो स्वस्तात करतो. "खजिनदारांचंही समाधान व्हायला हवं होतं," म्हणाले.

पूर्वी मी म्हटलं असतं, आहे तेही खूप झालं. खूप नाही झालं. गॅलरी मला हवी होती आणि ती मी चांगली केली असती. तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मलाही तसंच वाटतं." मग त्यांनी सह्यांचा कागद काढला. त्यांच्या पेनाने मी सही केली.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू गिळलेलं ते उत्तर मला कळव. माझ्या कामाला येईल.

काल पाटी रंगवणारा आला होता. खडूने त्याने मोठ्या अक्षरांत आखून घेतलं: खुर्च्या व सोफे मढवून मिळतील. मग वाकून खाली बारीक काहीतरी लिहायला लागला.

"हे काय?"

"वाजवी दरात."

"मी सांगितलं नव्हतं."

"सांगायला कशाला लागतं? सगळेच लिहितात, बाई. त्याशिवाय गिऱ्हाईक पायरी चढत नाही."

"पुसा ते."

त्याने फडका फिरवला. "मग 'सेवेची एक संधी द्या' टाकू?"

"नको."

"अहो, पण खाली एवढी जागा मोकळी दिसेल."

"दिसू दे," मी म्हणाले.

गुंडी